आठ नंबरचा पाहुणा

१

"सतरा भावंडं आहेत आणि एक पाहुणा," मुरिएल थॅकरेबाई म्हणाल्या आणि हातातला रंधा त्यांनी टेबलावर वेगळा काढून ठेवला.

हॉलमध्ये एवढी शांतता पसरली की माझ्या तव्यावरचं बेकन चरचरताना ऐकू येऊ लागलं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या हार्थवेल गावात, चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये, जुन्या सुतारी अवजारांचा बाजार भरतो. मी नॉर्मन फर्निस. चहाचं काउंटर माझं, हॉलची किल्ली माझी, आणि आमच्या हिच्या मते गावभरच्या उचापतीही माझ्याच. मुरिएलबाईंनी शेफील्डच्या एका लिलावघरात जन्मभर जुन्या अवजारांच्या किमती ठरवल्या. आता कोपऱ्यातल्या टेबलाशी पेपरमिंट चघळत बसतात आणि आमच्या किमती फुकटात ठरवतात. लोक माळ्यावरून, गॅरेजमधून, आजोबांच्या पेटीतून काय वाटेल ते घेऊन येतात. बाई आधी वास घेतात, मग पाचर बघतात, मग ठसा, आणि त्यानंतर माणसाचं तोंड. त्या सकाळी एक गृहस्थ जुना रंधा घासूनपुसून, वर वॉर्निश मारून, आरशासारखा चकचकीत करून घेऊन आले होते. बाई म्हणाल्या, "सुरेख. आता टीव्हीवर ठेवा, शेजारी फुलदाणी ठेवा." शंभर वर्षांच्या हातांनी चढवलेला काळपटपणा खरवडला की किंमतही खरवडली जाते, हे त्या गृहस्थांना कोण सांगणार!

पण विनी स्टॅनिफोर्थची पेटी तशी नव्हती. तिचा नवरा हॅरॉल्ड फेब्रुवारीत गेला. वेल्बरोच्या कॅथीड्रलमध्ये तो जन्मभर सुतार होता. त्याच्या पेटीत कंगोरे काढायचे अठरा लाकडी रंधे होते, दोनपासून अठरापर्यंत सम नंबरांचे, आणि प्रत्येक नंबरची एक जोडी. जोडीतला एक फुगीर पोटाचा, दुसरा खोलगट पोटाचा. विनी घर विकून मुलीकडे समुद्रकाठी राहायला निघाली होती. हे रंधे भिंतीवर न लटकता पुन्हा कॅथीड्रलच्या बाकावर कामाला लागावेत, एवढंच तिचं मागणं होतं. तिथल्या सुतारखात्याचे प्रमुख गॉर्डन हीथकोट त्यासाठीच आले होते. ते घ्यायला तयार होते. अट एकच, संच एका कारागिराचा आणि पूर्ण हवा.

"बाकी सगळ्यांवर एकाच कारागिराचा ठसा आहे," मुरिएलबाई म्हणाल्या, "आणि मालकाचं नाव एच. स्टॅनिफोर्थ. हा आठ नंबरचा फुगीर मात्र केसभर लांब आहे, कारागीर दुसरा, आणि नाव आहे जे. बॅगशॉ."

विनी गोंधळून गेली. "हा? अहो, हा तर हॅरॉल्डचा सगळ्यात लाडका! आमच्या जिन्याचा कठडा त्याने ह्यानेच केलाय."

गॉर्डन हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "दुःखात होतं असं माणसाचं." मीही शहाण्यासारखी मान हलवली.

"कोणीतरी अदलाबदल केलीय," गॉर्डन आता मोठ्याने म्हणाले. "काल रात्रभर पेटी याच हॉलमध्ये होती ना? किल्ली कोणाकडे होती?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बेकन जळालं.

२

मी शपथेवर सांगितलं की शुक्रवारी संध्याकाळी विनीने पेटी आणून दिली आणि मी हॉलला कुलूप लावलं. कुलूप लावेपर्यंत आत एकच माणूस होता, क्लाइव्ह मॉट्रम. तो आपलं दुकान मांडत होता.

क्लाइव्ह जुनी अवजारं विकत घेतो आणि परदेशी गिऱ्हाइकांना विकतो. माणूस वाईट नाही, पण तो तुमच्याकडे बघून हसला की खिसा चाचपून बघावासा वाटतो. गॉर्डन तडक त्याच्या टेबलाकडे गेले आणि त्यांच्यामागे अख्खा बाजार. टेबलाखाली एक पेटी होती. गॉर्डननी झाकण उघडलं, वरचाच रंधा उचलला, आणि त्याच्या तोंडाकडचा ठसा मोठ्याने वाचला.

"जे. बॅगशॉ."

दुसरा उचलला, बॅगशॉ. तिसरा, बॅगशॉ. पेटीत रंधे ओळीने लावलेले होते, आणि मधे पडलेल्या दातासारखी एक जागा मोकळी होती. आठ नंबरचा खोलगट होता, त्याचा फुगीर जोडीदार नव्हता.

"आता काय म्हणणं आहे, मॉट्रम?" गॉर्डननी विचारलं. "तुझा टाकाऊ तिकडे गेला आणि हॅरॉल्डचा चांगला इकडे आला. कुठे ठेवलास?"

क्लाइव्ह पांढराफटक पडला. "अहो, मी पेटी अशीच घेतलीय! मागच्या आठवड्यात. विकणारा म्हणाला, ही जागा रिकामी आहे, रिकामीच राहील."

"कोण विकणारा?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

क्लाइव्हने शब्द दिला आणि तो पाळतोय, हे ऐकून दोघंतिघं फिसकन हसले. गॉर्डन हसले नाहीत. दुपारच्या आत रंधा हजर झाला नाही तर क्लाइव्हला या बाजारात पुन्हा पाऊल टाकू द्यायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं. आणि विनीला म्हणाले, "मला फार वाईट वाटतं, मिसेस स्टॅनिफोर्थ, पण तुटका संच मी नेऊ शकत नाही."

विनीने नुसता पेटीवर हात ठेवला. ती रडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात तिच्या खांद्यावर एक अंगठ्यांनी भरलेला हात पडला. "काळजी नको हं," रोझलिंड पीक म्हणाली. "तुटका असला तरी मी घेते की!"

३

रोझलिंड पब सजवते. जुने रंधे, करवती, दुधाचे कॅन असं काहीबाही भिंतीवर ठोकते आणि त्याला वातावरण म्हणते. संच तुटला तर फायदा तिचा, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो. मी धावत मुरिएलबाईंकडे गेलो आणि माझा संशय त्यांच्या कानावर घातला.

"बोलाव तिला," बाई म्हणाल्या.

रोझलिंड आली. बाईंनी तिच्यासमोर दोन रंधे ठेवले. "बाळ, यातला आठ नंबरचा कोणता आणि दहाचा कोणता?"

रोझलिंडने दोन्ही हातात घेतले, उलटसुलट केले, आणि एक फळीसारखा भिंतीला लावून बघितला. "यांना नंबर असतात?"

"जा, चहा पी," बाई म्हणाल्या. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "ज्याने बदल केला त्याने आठच्या जागी आठ ठेवला, फुगीरच्या जागी फुगीर. हिने आठच्या जागी लाटणं ठेवलं असतं."

"मग क्लाइव्हच!"

"नॉर्मन, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस. क्लाइव्हला एक रंधा बदलून काय मिळालं? त्याच्या पेटीतली जागा अजून रिकामीच आहे. जा, मला चहा आण, आणि जाता येता कान उघडे ठेव."

कान उघडे ठेवणं हा माझ्या आवडीचा विषय. काउंटरशी डेसमंड रॅग बसला होता. सकाळपासून तो तिथेच होता, रेडिएटरला चिकटून, जाड ओव्हरकोट घालून. हॉलमध्ये पाव भाजून निघेल इतकं गरम होतं, आणि या गड्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी म्हटलं, "डेसमंड, लेका, कोट काढ, नाहीतर उकडून मरशील."

"राहू दे," तो म्हणाला.

हा डेसमंड आणि हॅरॉल्ड एकाच कारखान्यात, एकाच बाकावर सुतारकाम शिकले. दोघे सख्ख्या भावांसारखे. पुढे काय झालं ते आख्ख्या हार्थवेलला पाठ आहे. शेजारच्या गावाशी क्रिकेटचा सामना होता, हॅरॉल्ड पंच होता, आणि डेसमंडच्या सत्तेचाळीस धावा झाल्या होत्या. तो खेळायला आला की क्षेत्ररक्षकांना सारखं इकडून तिकडे पळावं लागायचं, त्यामुळे त्या दिवशी पलीकडच्या गावाची चांगलीच दमछाक झाली होती. आणि हॅरॉल्डने बोट वर केलं. पायचीत! डेसमंडने बॅट तिथेच टाकली आणि मैदानातून थेट घरी गेला. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. त्याला आता तीस वर्षं होत आली. हॅरॉल्डच्या अंत्यविधीलाही डेसमंड आला नाही. लोक काय काय बोलले!

"काय झालंय तिकडे?" त्याने विचारलं. हल्ली त्याला नीट दिसत नाही.

"हॅरॉल्डच्या पेटीत एक रंधा परका निघाला म्हणे. क्लाइव्हवर आळ आलाय."

"परका?" डेसमंडने पेला खाली ठेवला, तो बशीला खणकन लागला. "आठचा परका झाला होय आता!"

मी नवीन बेकन तव्यावर टाकत होतो, त्यामुळे तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. पण चहा घेऊन मुरिएलबाईंपाशी पोचलो आणि झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडातला पेपरमिंट फिरायचा थांबला.

"तू त्याला नंबर सांगितला होतास?"

मी आठवून पाहिलं. नव्हता सांगितला.

४

"सगळ्यांना काउंटरजवळच्या खिडकीपाशी बोलाव," बाई म्हणाल्या. "क्लाइव्हलाही, त्याच्या पेटीसकट. आणि डेसमंडला त्याच्या जागेवरून हलवू नकोस. तिथून त्याला ऐकू येईल."

सगळे जमले. बाईंनी विनीच्या पेटीतला आठचा खोलगट घेतला, त्याच्यावर तो बॅगशॉ नावाचा फुगीर पालथा ठेवला, पोटाला पोट लावून. मग जोडी डोळ्यांसमोर उजेडाकडे धरली आणि गॉर्डनच्या हातात दिली.

"फट दिसते का?"

गॉर्डननी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "नाही. उजेडाचा धागासुद्धा नाही."

"तुम्ही सुतार आहात, तुम्हीच सांगा याचा अर्थ."

गॉर्डन प्रामाणिक माणूस. त्यांचा आवाज उतरला. "जोडीतल्या एकाचं पोट झिजलं की दुसऱ्यावर घासूनच ते सारखं करतात. वर्षानुवर्षं. म्हणजे ही जोडी... एकत्र नांदलेली आहे."

"काल रात्री आणून ठेवलेला रंधा असा बसला असता?"

"शक्यच नाही."

क्लाइव्हने एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या टेबलावरचे लाकडाचे कपचे उडाले.

"म्हणजे अदलाबदल झाली, पण काल नाही," बाई म्हणाल्या. "फार पूर्वी. आता गाल बघा, म्हणजे रंध्याच्या बाजू." त्यांनी हॅरॉल्डचा दुसरा एक रंधा उचलला. "मागच्या टोकाला जिथे अंगठा दाबून बसतो, तिथे लाकूड गुळगुळीत होतं. हॅरॉल्डच्या सतराही रंध्यांना ते एकाच बाजूला आहे, उजव्या हाताच्या माणसाचं. क्लाइव्ह, तुझ्या पेटीतला एक दे. हा बघा, गुळगुळीत आहे, पण उलट्या बाजूला. ज्याने हे वापरले तो डावखुरा होता. आणि हा आमचा पाहुणा." त्यांनी आठचा फुगीर विनीच्या हातात ठेवला. "विनी, तूच हात फिरवून बघ."

विनीने डोळे मिटून रंध्याच्या दोन्ही गालांवरून अंगठे फिरवले. "दोन्हीकडे गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

"दोन माणसांनी वापरलाय. आधी डावखुऱ्याने, मग हॅरॉल्डने. तू म्हणालीस हा त्याचा लाडका, तेव्हा आम्ही सगळे शहाणे तुझ्याकडे कीव करून बघत होतो. तूच खरं बोलत होतीस. हा रंधा चोरून आलेला नाही, दिलेला आहे."

"पण बॅगशॉ नावाचा डावखुरा सुतार कोण?" गॉर्डननी विचारलं. "गावात तर या नावाचं कोणीच नाही."

"नाव असेल कोणाचंही. हात कोणाचा ते शोधा." बाई माझ्याकडे वळल्या. "नॉर्मन, तू क्रिकेटचा तो सामना दर नाताळात सांगतोस. कोणता फलंदाज आला की क्षेत्ररक्षक इकडून तिकडे पळायचे?"

डावखुरा! आणि आमच्या संघात डावखुरा एकच होता, डेसमंड. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सगळ्यांची नजर एकदम रेडिएटरकडे गेली.

डेसमंडची खुर्ची रिकामी होती.

५

तो पळाला नव्हता. भिंतीचा आधार घेत, डोळ्यांना कमी दिसतं म्हणून पाय चाचपत टाकत, तो आमच्याकडेच येत होता. विनीसमोर येऊन थांबला. ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात त्याने हात घातला, डावा हात, आणि फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली.

फडक्यात आठ नंबरचा फुगीर रंधा होता. तोंडावर ठसा होता, एच. स्टॅनिफोर्थ.

"तुझ्या घरी दोनदा आलो होतो," डेसमंड विनीला म्हणाला. "दाराशी येऊन परत गेलो. म्हटलं, इथे गर्दीत गुपचूप पेटीत ठेवून देईन. तर इथेही धीर होईना."

"पण डेसमंड, हे काय आहे?" विनीने विचारलं.

"आमच्या कारखान्यात एक रीत होती. शिकणं संपलं की बाकावरच्या सोबत्याशी एक अवजार बदलायचं. म्हणजे दोघांचीही पेटी एकमेकांवाचून पुरी व्हायची नाही. म्हाताऱ्या फोरमनचं म्हणणं असं, की भांडलात तरी कामाला एकमेकांच्या दारी जावं लागेल." तो कडवट हसला. "गेलो नाही तो भाग वेगळा. माझे रंधे आईच्या भावाचे, जॅक बॅगशॉचे. नव्या कोऱ्या रंध्यांवर मामाने नावाचे ठसे मारले आणि लढाईवर गेला, तो आलाच नाही. मी त्यातला आठ दिला. हॅरॉल्डने त्याचा दिला. आता डोळ्यांनी दगा दिला म्हणून पेटी क्लाइव्हला विकली. कोणाला सांगू नको म्हटलं, लोक म्हणाले असते रॅग संपला. पण हा कसा विकू? हा माझा नव्हताच."

"मला वाटलं, आज माझं इथलं दाणापाणी संपलं," क्लाइव्ह पुटपुटला. "तरी मी बोललो नाही हां."

"नाही बोललास, बाबा," बाई म्हणाल्या. "याची नोंद सगळ्यांनी घ्या, पुन्हा असा प्रसंग येईल असं वाटत नाही."

गॉर्डन खुलले होते. त्यांनी क्लाइव्हची मनापासून माफी मागितली आणि मग हात चोळत म्हणाले, "म्हणजे प्रश्नच सुटला! हॅरॉल्डचा मूळ रंधा आला. पाहुणा काढा, हा ठेवा, संच पूर्ण!"

"ठेवून बघा," मुरिएलबाई म्हणाल्या.

गॉर्डननी हॅरॉल्डचा मूळ फुगीर त्याच्या जुन्या जोडीदारावर ठेवला आणि उजेडाकडे धरला. मलासुद्धा लांबून दिसलं. मधून उजेडाची चांगली चंद्रकोर येत होती. मग बाईंनी तोच रंधा क्लाइव्हच्या पेटीतल्या बॅगशॉच्या खोलगटावर ठेवायला लावला. तिथे तो कुलूप बसावं तसा बसला.

"ठशाने बघाल तर हा संच तुटका," त्या म्हणाल्या. "कामाने बघाल तर पुरा. तुम्हाला दाखवायला हवाय की वापरायला, ते तुम्ही ठरवा. मी आपली किंमत सांगते: दोन्ही पेट्या एका फळीवर राहिल्या तर यांच्याएवढा चांगला संच मी जन्मात पाहिलेला नाही. वेगळ्या केल्यात तर रोझलिंडला बोलवा."

गॉर्डननी जोडी पुन्हा एकदा उजेडाकडे धरून पाहिली. मग त्यांनी क्लाइव्हला बाजूला घेतलं. काय बोलले कळलं नाही, मी फार जवळ जाऊनही कळलं नाही. पण परत आले तेव्हा बॅगशॉची पेटी गॉर्डनच्या काखेत होती आणि क्लाइव्हच्या चेहऱ्यावर नेहमीपेक्षा थोडं कमी हसू होतं. यावेळी मी खिसा चाचपला नाही.

विनीने स्वतःच्या हाताने रंधे पेट्यांत लावले. हॅरॉल्डच्या पेटीत बॅगशॉचा आठ, बॅगशॉच्या पेटीत हॅरॉल्डचा आठ. झाकणं बंद केली आणि डेसमंडला म्हणाली, "आता तरी तो कोट काढ."

त्याने काढला. मी दोघांना ओटची गरम धिरडी आणि चहा दिला, पैसे घेतले नाहीत, आणि जवळचंच टेबल बराच वेळ पुसत राहिलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

डेसमंडने चहात साखर ढवळली. मान खाली घालून म्हणाला, "पण विनी, तो चेंडू लेगस्टंपच्या बाहेर जात होता गं."

"माहीत आहे," विनी म्हणाली. "दर रविवारी त्या रंध्याला तेल लावताना हॅरॉल्ड हेच म्हणायचा."

डेसमंडचा चमचा थांबला. "मला का नाही सांगितलं मग?"

"पंच होता ना रे तो," विनी म्हणाली. "एकदा वर केलेलं बोट खाली कसं घेणार!"